मागच्या खोलीतला हीटर

ओनोफ्रे बारिया ऐन हिवाळ्यातही घरात बनियनवर वावरायचा. बाहेर सामुद्रधुनीवरून येणारा वारा छपराचे पत्रे उचकटायला बघायचा, रस्त्यावरचा बर्फ घट्ट होऊन काचेसारखा व्हायचा, आणि आत हा हीटर मोठा करून बसायचा. फारच उकडायला लागलं की उठून स्वयंपाकघराची खिडकी उघडायचा. हीटर बारीक करावा असं त्याच्या मनातही येत नसे. पृथ्वीच्या दक्षिण टोकाजवळच्या त्या गावात, पुंता अरेनासमध्ये, सगळेच तसं करत. गॅस पाण्याच्या भावानं मिळायचा, आणि ओनोफ्रेला तर तो हक्काचाच वाटायचा. उभी हयात त्यानं पलीकडच्या बेटावर गॅसच्या विहिरी खणण्यात घालवली होती.

"मी वर काढलाय हा गॅस," तो म्हणायचा. "माझ्या घरात तो मला हवा तेवढा जळणार."

"जळू दे. पण बारिया, तू घर नाही, गल्ली तापवतोयस," त्याची बायको देल्मिरा म्हणायची, आणि खिडकी लावून घ्यायची.

पुढे देल्मिरा आजारी पडली. शेवटचं वर्ष तिनं मागच्या खोलीत काढलं. कितीही पांघरुणं घातली तरी तिची थंडी जाईना. ओनोफ्रेनं तिथला हीटर पूर्ण मोठा करून ठेवला, आणि ती गेल्यावरही तो बंद केला नाही. मुद्दाम असं काही नव्हतं, हात गेला नाही एवढंच. खोलीत तो पाऊलही टाकत नसे. येता-जाता दाराला तळहात लावून बघायचा. दार कोमट लागलं की पुढे जायचा.

मुलगी यास्ना दूर उत्तरेला, अंतोफागास्तात, खाणीच्या कचेरीत नोकरीला होती. तिचा रविवारी फोन यायचा. समोरच्या घरात नेदाबाई राहायची, तीही एकटीच. तिचे आजोबा क्रोएशियातून आले होते, आणि खणखणीत आवाज तिनं त्यांच्याकडूनच घेतलाय असं गल्लीत म्हणत. ओनोफ्रेशी तिचं बोलणं म्हणजे कुंपणावरून रामराम, तेवढंच.

मग एका जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, बातमी आली की गॅसचा भाव वाढणार. सगळं गाव खवळलं. गाड्यांवर काळे झेंडे लागले. रस्त्यांवर ट्रक आडवे लावले, पिंपांत लाकडं पेटली. ओनोफ्रे घडीची खुर्ची घेऊन नाक्यावर जाऊन बसला तो उठेचना. त्यानं विहिरींच्या गोष्टी सांगितल्या, वादळात अडकलेल्या बोटीची सांगितली, आणि लोकांनी त्या ऐकल्या. नेदाबाई कढई मांडून भोपळ्याच्या पुऱ्या तळत होती. ती म्हणाली, "बारिया, इतकी वर्षं समोर राहते, मला वाटायचं तू मुका आहेस."

"बोलायला कोण होतं?"

"मी नव्हते का? कुंपणाला दात होते?"

सगळे हसले. ओनोफ्रेही हसला.

तडजोड झाली. भाव वाढायचा तो वाढलाच, ठरला होता त्याहून कमी एवढंच. ट्रक हलले, पिंपं विझली, लोक आपापल्या घरी गेले. ओनोफ्रेनं खुर्ची घडी करून परसात ठेवली आणि आत आला. घर नेहमीसारखं गरम होतं आणि त्यात कोणी नव्हतं. भाव वाढल्याचं जेवढं वाईट वाटायला हवं होतं, त्याहून जास्त वाईट त्याला ते दिवस संपल्याचं वाटलं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

थंडी सुरू झाली आणि नव्या भावाचं पहिलं बिल आलं. आधी त्यानं शिव्या घातल्या. मग बिल हातात धरूनच तो घरभर फिरला. दिवाणखान्यात हीटर जळत होता, तिथे देल्मिरा गेल्यापासून कोणी बसलं नव्हतं. यास्नाच्या खोलीत जळत होता, ती तर सणासुदीलाही येत नसे. मधल्या बोळातही एक जळत होता, कोटांसाठी.

तो तिथेच कोटांखालच्या बाकावर बसला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्याचं काम विहिरी खणण्याचं राहिलं नव्हतं, विहिरी बुजवण्याचं झालं होतं. एकेका विहिरीचा दाब उतरत जाताना त्यानं स्वतः बघितलं होतं, वरून सिमेंट ओतून झाकण डागलं होतं. आणि त्याच दिवशी घरी येऊन, उकडतंय म्हणून खिडकी उघडली होती. गॅस संपत चाललाय हे त्याला गावात कोणाहीपेक्षा आधी ठाऊक होतं. पण डोळ्यांनी बघून जे मनाला लागलं नाही, ते बिलानं खिशात हात घातल्यावर लागलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं बोळातला हीटर बंद केला, मग दिवाणखान्यातला, मग यास्नाच्या खोलीतला. हात ओला करून खिडक्यांच्या कडांवरून फिरवला आणि जिथे गार लागलं तिथे मेंढीची लोकर ठासून भरली. पलंग स्वयंपाकघरात आणला. कामाचा हात होता, दोन दिवसांत सगळं झालं. राहिली फक्त मागची खोली.

आठवडाभर त्यानं तिकडे बघायचं टाळलं. मग एका सकाळी दार उघडून आत गेला. आतली हवा कोंदट आणि कोरडी होती. भिंतीवरचा कागद उष्णतेनं सुटून खाली लोंबला होता, कपाटाच्या लाकडाला उभी चीर गेली होती. देल्मिराचा झगा खुंटीवर होता. तो पलंगाच्या कडेला बसला. अंगाला घाम सुटला.

"तुला आता थंडी वाजत नाही ना गं?" तो मोठ्यानं म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून ओशाळला.

त्यानं चावी फिरवली. ज्योत गेली. पत्रा थंड होताना टकटक वाजत राहिला, मग तेही थांबलं. तो बसून राहिला. स्वेटर घालावा लागेल इतकं गार झालं, तेव्हा उठला आणि दार ओढून घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो न्हाणीघरात जायला परसातून वळसा घालून जायचा, त्या दारावरून जायला नको म्हणून.

रविवारी यास्नाचा फोन आला.

"बाबा, कुठून बोलताय? भांड्यांचा आवाज येतोय."

"स्वयंपाकघरातून. आता इथेच झोपतो."

"म्हणजे काय? अहो, मी पैसे पाठवते ना."

"पैसे आहेत माझ्याकडे. रिकाम्या खोल्या तापवत होतो, पोरी."

मग तिनं विचारलं, "आईची पण?"

"आईची पण."

"बरं केलंत," ती म्हणाली. कोणत्या अर्थानं म्हणाली ते त्याला कळलं नाही. त्या रविवारी फोन लवकर संपला.

नेदाबाईच्या खिडक्याही त्यानंच लोकर भरून बुजवल्या. त्यावर तिनं हिशेब मांडला. "दोन म्हातारी माणसं, दोन हीटर. अरे, हे काय शहाणपण आहे? दुपारी एक दिवस माझ्याकडे, एक दिवस तुझ्याकडे." तसं सुरू झालं. येर्बा, म्हणजे तिकडचा कडू पानांचा चहा, एकाच वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातून आळीपाळीनं प्यायची, घरच्या पावाला मुरंबा लावायचा, पत्ते खेळायचे. नेदाबाई उघडउघड फसवायची आणि पकडली की भांडायची. ओनोफ्रेला दुपारची वाट बघायची सवय लागली. या वयात लागलेली सवय वाईट, हे त्याला कळत होतं.

जूनमध्ये, ऐन थंडीत, तिचा मुलगा उत्तरेकडच्या रांकाग्वाहून आला आणि तिला आपल्या घरी घेऊन निघाला. जाताना तिनं किल्ली ओनोफ्रेच्या हातात दिली.

"एक हीटर बारीक चालू ठेव, बारिया. नाहीतर नळ गोठून फुटतील. आणि घर मेल्यासारखं दिसायला नको."

"नळांचं मी बघतो. रिकाम्या घराला ऊब कशाला?"

"तू पूर्वी असा नव्हतास."

"पूर्वी स्वस्त होतं."

ती हसली. मग म्हणाली, "उन्हाळ्यात येईन मी."

"ये."

मुलानं गाडीचं दार उघडून धरलं होतं. ती मागे वळून बघत बसली नाही, आणि ओनोफ्रेला ते बरंच वाटलं.

दुपारी तो पाना घेऊन तिच्या घरात गेला. मुख्य नळ बंद केला, मग घरातले सगळे नळ उघडे टाकले. नळांतलं पाणी गुळगुळ करत उतरलं, खोकल्यासारखा आवाज करत थांबलं. खालची टाकी रिकामी केली, मोरीच्या वाकड्या नळीत उरलेलं पाणी चिंधीनं टिपून काढलं. कुठे थेंब राहू दिला नाही. शेवटी गॅसची चावी फिरवली. टेबलावर पत्ते तसेच पडले होते. ते त्यानं गोळा करून डबीत घातले आणि डबी तिथेच ठेवली.

बाहेर आला तेव्हा चार वाजायला आले होते आणि उजेड संपत आला होता. वाऱ्याला पाठ करून त्यानं कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि गल्ली ओलांडून आपल्या स्वयंपाकघरात गेला.