एक्केचाळीस रिपोर्ट आणि बंद कॉम्प्युटर

ऑफिसात त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. रक्ततपासणी केंद्रांसाठी बावीस वर्षं जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या या बाई दुसऱ्याच्या कामातली बारीकशी चूकही नजरेतून सुटू देत नसत. आज चूक त्यांचीच निघाली, आणि तीही नऊ वर्षांपूर्वीची.

केंद्रातलं इंटरनेट गेलं की तयार रिपोर्ट तिथल्याच डिस्कवर कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबत. नव्या आवृत्तीत बाईंनी रिपोर्टला ‘नमुना घेतल्याची वेळ’ हा एक रकाना जोडला होता. एवढंच. पण साठवताना जावा रिपोर्टच्या घडणीचा क्रमांकही सोबत लिहिते. तो आपण हाताने पक्का केला नसेल, तर एका रकान्यानेही बदलतो आणि नवा प्रोग्रॅम जुना साठा ओळखत नाही. बाईंनी तो पक्का केला नव्हता. वर त्यांचीच एक ओळ होती: साठा वाचता आला नाही, तर पुसून नवा सुरू कर. ती लिहिली तेव्हा साठ्यात आधीच पाठवलेल्या रिपोर्टच्या नुसत्या नकला असत. पुढे न पाठवलेले रिपोर्टही तिथेच राहू लागले, पण त्या ओळीकडे कुणी वळून पाहिलं नाही.

दुपारी ऑफिसातल्या चाचणीच्या कॉम्प्युटरवर साठ्यातल्या रिपोर्टची यादी शून्य दिसली आणि बाईंना ती ओळ आठवली. टेकडीवरच्या केंद्रात दोन दिवस इंटरनेट नव्हतं. एक्केचाळीस रिपोर्ट अडकलेले, नमुने टाकून दिलेले. नवी आवृत्ती सकाळीच दुरुस्तीवाल्याने पेनड्राइव्हने भरलेली; कॉम्प्युटर बंद करून चालू केला की ती सुरू होणार आणि साठा पुसणार. आणि तिथला लॅबवाला जेवायच्या सुट्टीत कॉम्प्युटर बंद करून नंतर चालू करायचा. ही शिस्त बाईंनीच लावलेली.

पहिला फोन वाजून थांबला. दुसराही. तिसऱ्याला त्याने उचलला.

“कॉम्प्युटर?” बाईंनी थेट विचारलं.

“बंद केलाय. हात धुतो नि लावतो.”

“लावू नका! बोटसुद्धा नको!”

“का हो, शॉक बसतो?”

“तुम्हाला नाही, मला बसेल. मी येतेय.”

“आणि रिपोर्टला आलेल्या लोकांना काय सांगू?”

“माझं नाव सांगा.”

“मग ते तुमच्याच घरी येतील, बाई.”

त्यांनी जुन्या घडणीचा क्रमांक शोधून नव्या प्रोग्रॅममध्ये हाताने लिहिला, पुसायची ओळ काढली आणि बस गाठली. दीड तास पेनड्राइव्ह मुठीत होता. मधेच कुणी बटण दाबलं तर?

लॅबवाला कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसला होता. बटणावर चिकटपट्टीने कागद: ‘हात लावू नये’.

बाईंनी डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. आधी साठ्याची नक्कल केली, मग प्रोग्रॅम बदलला. डिस्क जागेवर बसवली, कागद सोलला, बटण दाबलं. पडद्यावर शून्य. मग एक, सात, तेवीस… एक्केचाळीस.

“वेळेचा रकाना कोरा दिसतोय,” लॅबवाला म्हणाला.

“तेव्हा आपण वेळ विचारतच नव्हतो.” बाईंनी यादी पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा. “आता एकदा बंद करून चालू करा. परत टिकतात का बघू.”

लॅबवाल्याने हात मागे बांधले. “तुम्हीच करा.”

बाईंनी बोट बटणापर्यंत नेलं, आणि नक्कल नीट झाली आहे ना, हे आधी पुन्हा उघडून पाहिलं.