फर्दापूरच्या लग्नाची हार्ड डिस्क

मुकुंदवाडीत बंद पडलेल्या हार्ड डिस्क दुरुस्त करणारे एक चाचा हायेत, त्यांचं सांगायलाच पाहिजे! मी लग्नाचे फोटो काढतो. फर्दापूरच्या एका लग्नाचे सगळे फोटो असलेली माझी हार्ड डिस्क बंद पडली आणि दुसरी कॉपीच नव्हती. नवरी सासरी गेलेली, आता तिची हळद परत कुठून आणू? घाबरून मी डिस्क परत परत लावत बसलो.

शेवटी ती चाचांकडं नेली. त्यांनी ती चालू करून कानाशी धरली, डोळे मिटून टकटक ऐकली. "किती बार लावली?"

"लई बार, चाचा."

"तापातल्या माणसाला पळवायलास व्हय रे?"

आतला बिघडलेला भाग त्यांनी बदलला. फोटो यायची वेळ झाली तसा स्क्रीन माझ्याकडं फिरवला आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसले.

"चाचा, बघा की!"

"लोकांच्या लेकीबाळी हायेत, बेटा. मी फक्त दार उघडतो. आत तू जा."

एवढं इमान, तेही कुणी विचारणारं नसताना!

पहिला फोटो वरून खाली हळूहळू उघडला. हळदीनं माखलेलं कपाळ, मग डोळे. मी ओरडलोच, "आली चाचा, नवरी आली!"

भिंतीकडंच बघत त्यांनी विचारलं, "हसायली का?"