आयची येष्टी

दादा, कापूरहोळच्या फाट्यावर तू माझी ट्रंक गाडीच्या टपावर चढवत होतास, तेव्हा आय कंडक्टरची बाही धरून उभी होती. "पोर पयल्यांदाच पुण्याला नांदायला चाललीय. नीट पोचवा, बाबा." गाडीतले सगळे हसले. मी मेली लाजेनं अर्धी झाले. तो बिचारा म्हणाला, "पोचवतो, मावशी."

आपल्याकडं येष्टी म्हणजे नुसती मोटार कुठं होती! 'येष्टीला या' म्हणजे दुपारी या. 'येष्टी गेली' म्हणजे मेंढरं वळवायची वेळ झाली. आयला तर ती जितंजागतं माणूसच वाटायची. स्वतः कधी चढली नाही, घाटात उलथंल म्हणून लई भ्यायची. पण बाजाराला फाट्यावर आली की पुण्याकडून येणाऱ्या गाडीला विचारायचीच, "माजी सखू कशी हाय?" आता कंडक्टरला काय ठाऊक! हसायचे, बेल मारायचे, निघून जायचे.

मग इथं मी मुदतीच्या तापानं पडले. घोटभर पाणी पोटात ठरेना. आयला न बघताच मरते की काय, हाच घोर. आमच्या ह्यांनी तिला काळजी नको म्हणून स्टँडवर एका कंडक्टरला गाठलं, "फाट्यावर एक धनगराची बाई विचारील, तिला बरी आहे म्हणून सांगा." त्या भल्या माणसानं निरोप पोचवला, तोही आयनं तोंड उघडायच्या आत.

तिथंच आयला खटकलं. इतक्या दिवसांत कुणी उत्तर दिलं नाही, आणि आज न विचारताच 'बरी आहे'? मेंढरं तुझ्यावर टाकून ती पुण्याकडं जाणाऱ्या पहिल्या गाडीत चढली, तुला ठाऊकच आहे. ह्यांच्या कारखान्याचं नाव विचारत विचारत खोलीच्या दारात आली. घाटात ओकून ओकून तोंड पांढरंफटक पडलेलं.

"आय, गाडीत भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. पर तुजं भ्या लई मोटं व्हतं."

मी हिंडूफिरू लागेपर्यंत ती हलली नाही.

आता आय नाही. गाडी रोज जाते-येते. तू कुणाकडून तरी विचारतोस, सखू बरी हाय का? मी कळवते, बरी आहे. तू मानतोस. इथली शेजारीण मानते, हेही मानतात. माझं माहेर म्हणजे ते न मानणारी एकटी बाई होती रे. दादा, एखाद्या वेळी तू पण मानू नकोस.