टोलनाक्यावरचं तोरण

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारने आमच्या नाल्यावर पूल बांधला आणि खर्च वसूल करायला त्यावर नाका बसवला. वसुलीचा ठेका लिलावात गेला. जीप-ट्रकने पैसे द्यायचे, बैलगाडीला माफी, हा सरकारी नियम पाटीवर तेलुगूत लिहिलेला होता. पण माफीची शेवटची ओळ कुणाला दिसत नसे. ठेकेदाराच्या मुनीमाचा टॉवेल बारा महिने नेमका तिच्यावरच वाळत असे. इतका न वाळणारा टॉवेल मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

माय भाजीची गाडी घेऊन आदिलाबादच्या बाजाराला जायची. मी तेलुगू शाळेत शिकलेला. एकदा टॉवेल उचलून ती ओळ मी तिला वाचून दाखवली, आणि त्या दिवसापासून तिने पैसे देणं बंद केलं. मुनीम नाक्याचा आडवा बांबू उचलेना. मग ती गाडी अलीकडेच सोडायची आणि वांग्यांच्या, मेथीच्या टोपल्या डोक्यावरून पलीकडे मामाच्या गाडीत नेऊन टाकायची. सहा-सात खेपा.

"देऊन टाक ना, माय. मान मोडंल तुही."

"मोडू दे. पूल काय त्याच्या बापानं बांदला?"

मी रस्त्यांच्या ऑफिसात अर्ज दिला. "तहकीकात होगी," म्हणाले, आणि झालीही. दुरून सरकारी जीपचा धुरळा दिसला की टॉवेल निघायचा, बांबू वर जायचा, गाड्या फुकट सुटायच्या. आतला माणूस चहा पिऊन 'सब ठीक' लिहायचा. तीनदा तपासणी झाली, म्हणजे तीनदा टॉवेल वाळला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मुनीम ओळखत होता जीपला, साहेबाला नाही! त्यात ऑफिसातले मोठे साहेब नवेच बदलून आलेले. मी नारळ घेऊन त्यांच्याकडे गेलो. "साहेब, पोळ्याला मानाची जोडी तुमच्या हातानं तोरणाखालून न्यायची." साहेब खूश. तोरण कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. मीही कशाला सांगतो!

दरवर्षी मारुतीपुढे बांधायचं तोरण त्या वर्षी आम्ही नाक्याच्या बांबूवर बांधलं. मुनीमाला वाटलं, नाक्याची शोभा वाढली. त्याने स्वतः गाठ मारली. साहेबांची जीप गावामागे चिंचेखाली ठेवली, त्यांना फेटा बांधला, कपाळभर कुंकू लावलं आणि हातात कासरा दिला. रंगवलेल्या शिंगांची, झुली घातलेली सगळ्या गावची बैलं त्यांच्या मागे.

तोरणापुढे आमच्याकडे झडत्या म्हणतात. त्यात कुणालाही टोमणा मारावा, त्याने रागवायचं नाही, अशी रीत. मी दगडावर चढलो:

"सरकारनं बांदला पूल, ठेकेदारानं लावला बांबू,
माफीवर टाकला टॉवेल, सांगा किती दिस थांबू?
हर बोला, हर हर महादेव!"

मुनीमाला एवढ्या जोड्या बघून वेगळीच भक्ती चढली. तो थेट साहेबांपुढे आला. "ए पटेल! जोडी का पैसा निकालो, फिर नाचो."

"बैल का भी?"

"बैल का, झूल का, सींग का. सरकार का हुकुम है."

"कहां लिखा है?"

मुनीमाने मोठ्या ऐटीत पाटीकडे हात केला. माय पुढे झाली आणि तिने टॉवेल ओढला. "साहेब, वाचा."

"कौन साहब?" मुनीम म्हणाला. मग त्याने फेट्याखालचा चेहरा, पायातले बूट आणि माझं हसू असं क्रमाने पाहिलं, आणि मायच्या हातातला टॉवेल घेऊन तोंड पुसलं.

साहेब मात्र माझ्यावरच भडकले. "मुझे जोकर बनाया?"

"नाही साहेब, पटेल बनवलं."

ते हसले नाहीत. मुनीमाकडे आणि माझ्याकडे बोट केलं. "कल ऑफिस आओ, दोनों."

"उद्या बाजार हाय," माय म्हणाली. "बांबू आताच उचला."

साहेबांनी उचलायला लावला. ऑफिसात मला चांगलं झापलं. मुनीमाची नोकरी गेली; ठेकेदाराला पुढच्या लिलावात ठेका पुन्हा मिळाला. आमचा काही रामराज्यावर दावा नव्हता. पण गाडीला हात लावायची हिंमत नंतर कुणी केली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी मायची गाडी पुलावर चढली. मधोमध तिने बैल थांबवले आणि भाकरीचं फडकं सोडलं. मागे जीप, ट्रक, सगळ्यांचे भोंगे सुरू झाले.

"माय, ते वाजवून राह्यले!"

"वाजवू दे," तिने ठेचा मागितला. "त्याईनं पैसे देल्ले, त्याईले घाई. आपल्याले काऊन?"