आईचं मत

माझी आई रहिमतपूरकडची. लग्न होऊन आष्ट्याच्या पलीकडच्या आमच्या गावात आली त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण सांगली जिल्ह्याला तिनं अजून मान्यता दिलेली नाही. इथल्या माणसांबद्दल तिची तक्रार नाही, रश्श्याबद्दल आहे. "रंग बघून घाम फुटतो आन् तोंडात घातलं की निस्तं पाणी," हे ती माझ्या सगळ्या आत्यांना तोंडावर सांगत आली आहे. वांग्याच्या बाबतीत मात्र ती कृष्णाकाठाला शरण गेली. ह्या एका वांग्यावर आपला संसार टिकला, असं ती अण्णांच्या देखत म्हणते.

अण्णा म्हणजे माझे वडील. मिलिटरीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि थेट चहाच्या गाड्यावर रुजू झाले. दिल्लीनं काय करावं, मुंबईनं काय करू नये, कारखान्याचा चेअरमन कुठं चुकला, हे सगळं सकाळी आठच्या आत ठरवून ते आंघोळीला घरी येतात. त्यांच्या मतांना माना डोलवायला चार म्हातारे ठरलेले. आईच्या मतांना श्रोता मी एकटी, तीही साताऱ्याहून सुट्टीला आले की, लसूण सोलता सोलता.

पण मतं आईचीच भारी. पुढाऱ्यांची परीक्षा ती पंगतीत करते. "जेवताना खाली बघून जेवतो त्यो बरा. सारखा वर बघतो त्यो फोटोवाल्याला हुडकत असतोय." भाऊबंदांविषयी: "लग्नात पहिल्या पंगतीला आन् जमिनीच्या मोजणीला समोरच्या पार्टीत." सरकारविषयी विचारलं तर म्हणते, "सरकार आपल्या थोरल्या सुनंसारखं हाय. कामाचं नाव काढलं की कागद मागतंय." मग दाराकडं बघून हळूच, "पुण्याला वहिनीला फोनवर सांगू नगंस हां हे."

सरकारवर तिचा राग असण्याला कारण होतं. भांडी घासून, मिरच्या कुटून तिच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या आहेत. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा लागायचा बंद झाला. दुकानदार म्हणाला, "मावशी, तुमी मशीनमध्ये न्हाईच." आई घरी येऊन म्हणाली, "चाळीस वर्षं राबले, आन् आता मी न्हाईच म्हणं."

हे काम शेवटी मागच्या गल्लीतल्या एका मुलीनं केलं. तिचं फॉर्म भरायचं दुकान आहे, एक कॉम्प्युटर आणि एक डुगडुगणारं स्टूल. तिनं आईचे हात धुतले, खोबरेल चोळलं, पुसलं, आणि दहाही बोटं एकेक करून मशीनवर दाबून बघितली. डाव्या हाताचं करंगळीजवळचं, अंगठी घालायचं बोट तेवढं सरकारला पटलं. त्या दिवसापासून ती मुलगी म्हणजे आईचं दैवत. त्यातच एकदा मुलगी म्हणाली, "काकू, आपला वॉर्ड बायकांसाठी सुटला तर पंचायतीला उभं ऱ्हावं म्हणतीया." आई तिथंच म्हणाली, "ऱ्हा उभी. माझं मत तुला. शब्द हाय माझा."

आमच्याकडं शब्द दिला म्हणजे दिला. आईनं तर आयुष्यात फार कमी वेळा दिलाय, कारण तिच्याकडं कुणी मागितलाच नाही.

आणि सोडत निघाली. वॉर्ड खरंच महिलेसाठी राखीव झाला. अण्णा दोन निवडणुका स्वतः उभं राहायची तयारी करत होते. मला वाटलं, आता खट्टू होऊन बसतील. कसलं काय! दुपारी घरात शिरतानाच त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि जाहीर केलं, "आपण उभं ऱ्हातोय."

आई भाकरी थापत होती. "आपण म्हंजी कोण?"

"आपण म्हंजी तू."

आईनं परात बाजूला सारली. "आवं, माझं जरा ऐका—"

"तुला काय करायचं न्हाई. निस्ती सही करायची. बाकीचं आपण बघतो." हे दुसरं आपण म्हणजे अण्णा, हे कुणी विचारायची गरज नव्हती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते अंगणात गेले.

अर्ज भरायची तारीख येईपर्यंत आईनं आणखी दोनदा तोंड उघडलं. एकदा अण्णा पॅनेलच्या माणसांना आकडे समजावत होते. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "सकाळी तालुक्याला जायचंय, लवकर आवर." मी निवडणुकीपुरती रजा काढून आले होते. आईला म्हटलं, सही करू नकोस, सरळ सांगून टाक. ती म्हणाली, "न्हाई केली तर गावात ह्यांची मान खाली जाती. केली तर त्या पोरीपुढं माझी. आता तूच सांग, कुणाची घालू?" मला नाही सांगता आलं. साताऱ्याच्या शाळेत मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवते, ते उगाचच.

आईनं सही केली. त्या मुलीनंही अर्ज भरला होता. दोघी तहसीलच्या व्हरांड्यात समोरासमोर आल्या, तेव्हा आई इतकी कसनुशी झाली की तिला भलतीकडंच जाताना बघून शिपायानं बाथरूम तिकडं आहे म्हणून सांगितलं.

आता खरी गंमत प्रचारात. आई अण्णांचं नाव घेत नाही. आदर वगैरे काही नाही, हट्ट आहे. "नाव घेतलं की माणूस येतो, आन् आला की चहा मागतो," हे तिचं कारण. पण बायकांच्या नावात नवऱ्याचं नाव मधोमध बसलेलं. त्यामुळं दारोदार फिरताना आमच्या उमेदवाराला स्वतःचंच नाव सांगता येईना. ती दारात उभी राहून म्हणायची, "मी ती, कपबशीवाली." चिन्ह कपबशी मिळालं होतं. अण्णांना तोफ नाहीतर निदान शिट्टी तरी हवी होती. आई म्हणाली, "असू द्या. इतकी वर्षं हेच तर हातात हाय."

बॅनरवर अण्णांचा फोटो परातीएवढा, मिलिटरीच्या टोपीत. आईचा फोटो भावाच्या लग्नातला, कापून घेतलेला, खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलेला. तो हात कुणाचा यावर गावात जितकी चर्चा झाली, तितकी गटारीच्या प्रश्नावर झाली नाही. चौकसभेत एका बाईनं आईला विचारलं, "निवडून आलीस तर काय करणार गं?" आईनं तोंड उघडायच्या आत अण्णांनी माईक ओढून घेतला आणि "आपण" पहिल्यांदा काय करणार आणि नंतर काय करणार, ते पाऊण तास सांगितलं.

शेवटच्या दिवशी कार्यकर्त्यांचं जेवण झालं. आचारी बाहेरून आणला होता. आईनं पळीभर रस्सा हातावर घेऊन चाखला आणि माझ्या कानात म्हणाली, "ह्यो खाऊन कोण मत दील? मी सुदिक देणार न्हाई." मी हसले. मला ती रश्श्याबद्दलच बोलतेय असं वाटलं.

मतदान शाळेत होतं. आई बाहेर आली, तेव्हा अण्णा कडक इस्त्रीत झाडाखाली उभे. "दाबलंस न्हवं नीट?"

"दाबलं की," आई म्हणाली आणि पदराखाली शाईचं बोट लपवत घरी चालू लागली.

मतमोजणीत कपबशी फुटली. थोडक्यात नाही, चांगलीच. ती मुलगी निवडून आली आणि गुलाल लावलेल्या तोंडानं आमच्या दारात येऊन आईच्या पाया पडून गेली. अण्णा तेव्हा आत होते, बाहेर आले नाहीत.

मग चौकशी सुरू झाली. अण्णांनी मतदारयादी काढली आणि लाल पेन घेऊन फितूर हुडकायला बसले. तिसऱ्या दिवशी संशय पक्का झाला: चुलतभाऊ. पलीकडच्या घरातला, आईचा धाकटा चुलत दीर. ह्या माणसानं आमच्या प्रचारात स्वतःच्या ट्रॅक्टरवर भोंगा बांधून घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं होतं. अण्णा जेवायला बसले आणि म्हणाले, "त्याच्या पोरीच्या लग्नाला ह्या घरातलं कुणी जाणार न्हाई. आपल्या घरातनं दगा झालाय."

त्या पोरीची हळद आईच लावणार होती. आईनं तव्यावरची भाकरी उतरवली आणि गॅस बंद केला. भाकऱ्या संपायच्या आधी ती गॅस कधी बंद करत नाही, म्हणून मी वर बघितलं.

"घरातनंच झालाय," ती म्हणाली. "पर त्यानं न्हाई केला. माझं मत मी त्या पोरीला दिलं."

अण्णांनी घास ताटात परत ठेवला. मला भीती वाटली आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी टाळी वाजवावीशी वाटली.

"आगं, तू उमेदवार! आपलं मत आपल्याला न्हाई दिलंस?"

"दिलं की. तुमी दिलं न्हवं? आपलं त्ये झालं. माझं मी तिला दिलं. तिला आधीच शब्द दिला होता."

अण्णांनी वाटीतल्या वांग्याकडं बघितलं. ओरडतील असं वाटत होतं. ओरडले नाहीत. एकदम म्हातारे दिसले, आणि मला त्यांची दया आली. मग बारीक आवाजात म्हणाले, "मग आधी मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी इचारलं कवा?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तिला खरंच तसा एकही दिवस आठवत नव्हता.

अण्णा माझ्याकडं बघू लागले, जणू मला आठवत असेल. मला आठवत नव्हतं. यावर मात्र त्यांच्याकडं कसलंच मत नव्हतं.