सासूबाईंनी शिकवलेलं उत्तर

मुलांनो, तुमच्यातल्या धाकटीची उद्या नोकरीची मुलाखत आहे, म्हणून हे आजच लिहिते. सकाळी भाताच्या पेजेचा वास आला आणि माझी चंद्रपूरची मुलाखत आठवली. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. आमच्या नागभीडच्या शाळेत इंग्रजी शिकवायची जागा निघाली होती आणि मला ती फार हवी होती. आदल्या दिवशी सासूबाई अंगणात माझ्या सुती पातळाला पेजेची खळ देत होत्या. मामंजी मुलाखत घेणारे साहेब होऊन खाटेवर बसले. "काऊन वो बाई, तू शाळेत गेली त घरी रांधन कोन?" मी पाठ केलेल्या इंग्रजी उत्तरांत शोधू लागले. पातळ झटकत सासूबाई म्हणाल्या, "सांग त्याईले, सासू रांधते. म्हनाव, माह्या हातचा करपलेला भात खाल त तुमीच मले शाळेत धाडान." दुसऱ्या दिवशी चांद्याला इंग्रजीचे प्रश्न संपल्यावर समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी नेमकं तेच विचारलं. मी सासूबाईंचंच उत्तर जरा शुद्ध मराठीत दिलं. सगळे हसले, आणि जागा मला मिळाली. घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मंग आता मले लवकर उठा लागन." आणि त्या रोज उठल्या. आता त्या नाहीत, माझी नोकरीही केव्हाच संपली. शाळा अजून रोज भरते.