ढेकूण कोणी आणले

यावलच्या स्टँडवर आबांनी माझी पेटी बसच्या मागच्या सीटखाली सरकवली आणि खाली उतरून ते खिडकीपाशी उभे राहिले. बोलायचं ते सगळं मायच बोलली. "लोकायच्या घरात राहाचं हाये तुले. जे म्हनतीन ते ऐकजो. उलटून बोलू नको." तिनं खिडकीतून केळीच्या वेफर्सची पिशवी आत दिली. बस निघाली तेव्हा आबा हात वर करायचं विसरले आणि नुसते बघत राहिले. आमच्या घरातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिली मुलगी होते.

माझ्यानंतर गल्लीतल्या कितीतरी मुली जळगावला, धुळ्याला, पुण्याला गेल्या. हे त्यांच्यासाठी लिहितेय. मागे राहिलेल्यांसाठीही लिहितेय, कारण आम्ही सुटलो असं त्यांना वाटतं.

जळगावात मेहरूणला, तलावापासून थोड्या अंतरावर, एका घराच्या वरच्या मजल्यावर मला खोली मिळाली. आबांच्या ओळखीतून मिळाली होती. खाली घरमालकीणबाई एकट्या राहायच्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. खोलीत दोन जुने लाकडी पलंग, एक टेबल आणि खिडकीला जाळी. कॉलेज चालत पंधरा मिनिटांवर. शेतात केळीचे घड बघत वाढलेल्या मला ती खोली महालासारखी वाटली होती.

चौथ्या दिवशी सकाळी मानेवर आणि दंडावर लाल गांधी उठल्या होत्या. एका ओळीत तीन, मग चार. मला वाटलं डास असतील, म्हणून मी कॉइल लावली. पुढच्या आठवड्यात उशीच्या अभ्र्यावर वाळलेल्या रक्ताचे ठिपके दिसले. मग एकदा गादी उचलली, तर पलंगाच्या सांध्यातून मसुराच्या डाळीएवढा तांबूस किडा बाहेर आला आणि परत फटीत शिरला. चिरडला तेव्हा जो वास आला, तो मला आजही ओळखता येतो.

मी कोणालाच सांगितलं नाही. काकूंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, तूच आणलेस. मायला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ये घरी. रोज सकाळी ओल्या फडक्यानं भिंत पुसायची, गळ्याभोवती ओढणी गुंडाळायची आणि कॉलेजला जायचं, असे दोन महिने काढले.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या पलंगावर जमुना आली. ती पावरा या आदिवासी समाजातली, आमच्याच तालुक्यातल्या, पण सातपुड्याच्या आतल्या पाड्यावरची. सरकारी वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव आलं नव्हतं, म्हणून तिच्या सरांनी ही खोली शोधून दिली होती. येताना तिनं आईनं शिवलेली निळ्या-लाल तुकड्यांची जाड गोधडी आणली होती. ती माझ्यापेक्षा हुशार होती. रसायनशास्त्राची समीकरणं ती मला समजावायची आणि मी तिच्याकडून इंग्रजीचे स्पेलिंग पाठ करून घ्यायचे. ती कमी बोलायची. पण हसायला लागली की उशीत तोंड खुपसायची, खाली काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून.

तिलाही ढेकूण चावले, चावणारच. तिनं मला विचारलं, "तुलाही होतंय का?" मी म्हणाले, "हो, थोडं." एवढंच. हे आधीपासून आहे, हे मी तिलाही सांगितलं नाही.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात काकू दुपारी वर आल्या. टाकीचं पाणी येतंय का ते बघायला आल्या होत्या. जमुनाच्या पलंगावर टेकल्या आणि त्यांच्या पांढऱ्या साडीवर एक ढेकूण चढला. त्या उठून उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. गोधडीचं टोक दोन बोटांनी उचलून त्यांनी विचारलं, "ही कुठून आणलीस?"

"घरून," जमुना म्हणाली.

"माझ्या घरात इतक्या वर्षांत ढेकूण नव्हता. जंगलातून सगळं घेऊन यायचं आणि दुसऱ्याच्या घरात सोडायचं." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज मऊ करून म्हणाल्या, "तू तर जूनपासून आहेस गं. ही यायच्या आधी तुला कधी चावले का?"

जमुना माझ्याकडे बघत होती. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. हे सगळं मला नीट आठवतं.

मी म्हणाले, "नाही काकू."

मी असं का म्हणाले, याची कारणं मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगितली. खोली जाईल. आबांच्या ओळखीला कमीपणा येईल. शिक्षण थांबेल. हे सगळं खरं होतं. पण आणखीही एक होतं, ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. ढेकूण त्या गोधडीतूनच आले यावर काकूंचा लगेच विश्वास बसणार हे मला माहीत होतं. तो का बसणार, हेही माहीत होतं. आमच्या गावात पाड्यावरची माणसं केळीच्या कामाला यायची, तेव्हा त्यांना पाण्याचा पेला वेगळा असायचा. तो वेगळा पेला मी लहानपणापासून विसळत आले होते. त्या दुपारी मी फक्त तेच केलं.

काकूंनी जमुनाला खोली सोडायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तिनं सामान बांधलं. काकूंनी रिक्षावाल्याला सांगितलं, गोधडी आत ठेवू नको, मागे बांध. तिची पेटी मी जिन्यावरून खाली आणली. तिनं मला अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीपर्यंत ती पाड्यावरून रोज एसटीनं ये-जा करत राहिली. जायला अडीच तास, यायला अडीच तास. प्रॅक्टिकलला उशिरा पोहोचायची, मग सर आत घेत नसत. दिवाळीनंतर प्रयोगशाळेत तिचं स्टूल रिकामंच राहिलं.

ढेकूण मात्र राहिले. मी एकटी त्यांच्याशी लढायला शिकले. ऑक्टोबरच्या उन्हात पलंग सुटा करून गच्चीवर नेला, सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. चादरी गरम पाण्यात भिजवल्या. भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांत मेणबत्तीचं मेण भरलं. लाइटच्या बोर्डामागेही ते असतात हे नंतर कळलं. आठ दिवस शांत जायचे आणि मग पुन्हा ती तीन गांधींची ओळ. गावी गेले की अंगणातच कपडे उतरवून गरम पाण्यात टाकायचे. माय म्हणायची, "शहराचं वारं लागलं पोरीले, घरात याच्या आंधी आंघोळ." मी हसायचे.

जानेवारीत ढेकूण खाली काकूंच्या पलंगात गेले, तेव्हा कुठे त्यांनी औषध मारणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं माझ्या पलंगाचा सांधा स्क्रू-ड्रायव्हरनं उकलला. आत काळ्या डागांचे थर होते आणि पांढरी वाळकी सालपटं. त्यानं टॉर्च धरून काकूंना दाखवलं. "हे या वर्षीचं नाही हो. लई जुनी वस्ती आहे. पलंग सेकंडहँड घेतला होता का?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही औषध मारा." तो गेल्यावर मला म्हणाल्या, "बाहेर बोलू नकोस. पुढच्या वर्षी मुली मिळायच्या नाहीत." काकू वाईट बाई नव्हत्या. मला ताप आला की खिचडी वर पाठवायच्या. मी मान डोलावली. त्या दिवशी जमुनाच्या पाड्याची बस पकडता आली असती. स्टँडवर ती कुठल्या फलाटाला लागते हे मला माहीत होतं.

मी पदवी घेतली, लॅबचा कोर्स केला. आता धुळ्याला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि देवपुरात भाड्यानं राहते. गेल्या हिवाळ्यात शिरपूरकडची एक बाळंतीण रक्त तपासायला आली. तिच्याबरोबरची नर्स खिडकीशी कागद देत होती. आम्ही दोघींनी एकाच वेळी एकमेकींना ओळखलं. पदवी राहिली होती, पण दोन वर्षं घरी बसल्यावर जमुनानं नर्सिंगचा कोर्स केला होता.

रिपोर्टला वेळ होता. आम्ही चहा घेऊन बाहेर बाकावर बसलो. मी लगेच म्हणाले, थांबले असते तर राहिलं असतं. "त्या दिवशी मी खोटं बोलले होते. ढेकूण आधीपासून होते."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी आले त्या दिवशी तू ओढणी काढली होतीस. मान बघितली मी."

"मग तू बोलली का नाहीस?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "माझं कोणी ऐकलं असतं? तुझं ऐकलं असतं. मी तू बोलायची वाट बघत होते."

मी माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली नाही. रिपोर्ट तयार झाल्याची आतून हाक आली तशी ती उठली आणि त्या बाईला धरून जिना उतरली.

त्या रविवारी मी गावी गेले आणि चुलीपाशी बसून मायला सगळं सांगितलं, पहिल्या गांधीपासून. तिनं ऐकून घेतलं. भाकरी उलटली. म्हणाली, "मंग काय करतीस तू? तुलेबी शिकाचंच होतं. जाऊ दे, किती वर्सं झाली." आणि तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकली, लोण्याचा गोळा ठेवून.

लहानपणी घर म्हणजे मला हेच वाटायचं, आपण काहीही करून आलो तरी ताट वाढून ठेवणारं. आजही ते तसंच आहे. आबा पडवीतून विचारत होते, दोन दिवस राहशील ना. मी हो म्हणाले. जमुनाबद्दल त्या घरात पुन्हा कोणी काही विचारलं नाही. हो म्हणाले होते, तरी त्याच संध्याकाळच्या बसनं मी धुळ्याला परतले.